मुक्ताची माघार

मुक्ता मिसाळ ही शिरूर कासार तालुक्यातली अशी एकमेव मुलगी आहे, जिनं अमेरिकेतल्या विद्यापीठातून माघार घेतली. तिकडं गेली आणि थंडी सोसेना म्हणून परत आली, असं नव्हे. ती गेलीच नाही. तिनं अर्ज भरण्याआधीच तिच्या वडिलांनी गेवराईत एका पेंडीच्या दुकानात बसून तिची उमेदवारी मागं घेतली. अमेरिकेला याची अजूनही कल्पना नाही.

आता हे वडील कोण ते सांगायला हवं. गहिनीनाथ मिसाळ गावच्या दूध संस्थेचे सचिव. घरात ‘आबा’, तालुक्यात ‘सचिव’. सकाळ-संध्याकाळ दूध मापून घ्यायचं, त्यातली चरबी मोजायला फॅट लावायची, कॅन गाडीवर चढवायचे, हे त्यांचं पोटाचं काम. जिवाचं काम वेगळं होतं. सोसायटी असो, दूध संघ असो, बाजार समिती असो, निवडणूक बिनविरोध करायची ठरली की आबांना बोलावणं यायचं. माणूस निवडून आणणारे गल्लोगल्ली मिळतात. उभा राहिलेला माणूस खाली बसवणं ही विद्या वेगळी, आणि ती आबांना येत होती. ते त्या माणसाच्या घरी जात, चहा घेत, म्हशीची चौकशी करत, आणि ते उठेपर्यंत तो माणूस माघारीच्या कागदावर सही करून बसलेला असे. पैसा त्यांनी कुणाला दिला नाही. शब्द देत. ‘पुढच्या खेपेला तू’ म्हणाले, की पुढच्या खेपेला तोच. मधे पॅनल फुटलं, नेते बदलले, तरी तोच.

अशा माणसाच्या पोटी मोजायची खोड घेऊन मुलगी जन्मली, यात नवल नाही. ‘किती?’ असं सगळीच पोरं विचारतात. मुक्ता ‘कितीपैकी?’ असं विचारायची. शेजारचा सटवा पोलीस भरतीत निवडला गेला, तेव्हा गावानं पेढे खाल्ले आणि मुक्तानं विचारलं, कितीपैकी. आई छबुबाईनं तिच्या पाठीत धपाटा घातला. सटवानं मात्र खरा आकडा सांगितला, तेव्हा कुठं गावाला कळलं की पोरानं केवढं मोठं काम केलंय, आणि पेढे पुन्हा आणावे लागले.

सहावीला ती नवोदयला लागली आणि गेवराईजवळ गढी गावच्या वसतिगृहात राहायला गेली. बारावीचं वर्ष लागलं ते दोन हजार अठराचं. त्या वर्षी पाऊस पोळ्याच्या आधीच जो गेला तो आलाच नाही. कापूस गुडघ्याच्या वर चढला नाही, दूध संस्थेत कॅनचं काम बादलीवर आलं, आणि निम्मं गाव कोयता घेऊन दिवाळीची वाट न बघताच कारखान्यांकडं निघून गेलं. भौतिकशास्त्राच्या उत्तरेश्वर सरांनी त्याच सुमाराला वर्गात सांगितलं, की अमेरिकेतली काही मोठी विद्यापीठं गरीब घरच्या परदेशी मुलांचाही सगळा खर्च स्वतः करतात. राहणं, जेवण, विमानसुद्धा. फक्त आधी त्यांनी आपल्याला घ्यावं लागतं.

“सर, कितीपैकी किती घेतात?” मुक्तानं विचारलं.

सर खोटं बोलणारे नव्हते. “शंभरात चार-पाच. परदेशी असला आणि वर पैसेही लागणार असले, तर त्याहून कमी.”

बाकीची पोरं मुकाट्यानं डॉक्टरकी-इंजिनीअरिंगच्या तयारीला लागली. तिथंही शंभरातल्या किती जणांचं भलं होतं हे कुणी विचारलं नाही, कारण ती वाट ओळखीची होती. मुक्ता तेवढी संगणकाच्या खोलीत जाऊन बसली.

इंटरनेटवर जगभरातल्या पोरांचा एक कट्टा होता. तिथं प्रत्येकानं आपले मार्क, आपले पराक्रम लिहायचे आणि विचारायचं, माझं होईल का? मग ज्यांचं स्वतःचं अजून झालेलं नाही अशी पोरं उत्तर द्यायची. सिंगापूरच्या एका मुलाला सगळ्या विषयांत पैकीच्या पैकी होते, तो व्हायोलिन वाजवायचा, कॅन्सरवर संशोधन करायचा, त्यानं अनाथांसाठी संस्था काढली होती, आणि तो विचारत होता की मी कमी तर पडणार नाही ना. मुक्तानं हे सगळं शांतपणे वाचलं. मग आपलं लिहिलं: दहावीला शाळेत पहिली, खो-खोत जिल्ह्याला दुसरी, सुट्टीत दूध संस्थेत फॅट लावते. त्यावर तिघांनी ‘शुभेच्छा’ म्हटलं. शुभेच्छा कधी देतात, हे सचिवाच्या पोरीला सांगायला नको. काठमांडूच्या एका मुलीनं तेवढं सरळ लिहिलं, की तुझी बाजू चांगली आहे, पण आपल्यासारख्यांची रांग वेगळी असते आणि ती हलताना दिसत नाही. मुक्तानं स्वतःच हिशेब केला. सगळं धरून, जिथं तिला जायचं होतं तिथं तिची शक्यता शंभरात एक आली. तिनं तो आकडा दोनदा तपासला. एकच होता.

जायचं मात्र तिला एकाच ठिकाणी होतं. तिथल्या एका प्राध्यापिकेचा व्हिडिओ तिनं पाहिला होता. तळ्यातले मासे सगळे न पकडता कसे मोजायचे, हे ती बाई सांगत होती. थोडे मासे धरायचे, खूण करून सोडायचे, काही दिवसांनी पुन्हा जाळं टाकायचं, आणि त्यात खुणेचे किती येतात यावरून तळ्यातले एकूण काढायचे. एवढंच. पण ती बाई ते सांगताना मधेच थांबून हसली, जणू तिला ते पहिल्यांदाच सुचलं होतं. मुक्ताला वाटलं, मला या बाईच्या वर्गात बसायचंय. इतकं नेमकं तिला आयुष्यात आधी काही वाटलं नव्हतं. पण ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही. मिसाळांच्या घरात आपल्याला काय हवंय हे बोलून दाखवायची पद्धत नव्हती, ताटात पडेल ते खायची होती.

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली आणि विद्यापीठांची माहिती आबांपुढं मांडली. आबांनी चष्मा लावला. इंग्रजी नावं त्यांच्या जिभेवर बसेनात, तेव्हा त्यांनी शिक्क्यावरून प्रत्येकाला निवडणुकीसारखं चिन्ह दिलं. एक ढालवालं, एक वाघवालं, एक बर्फातलं आणि एक झाडवालं. मासे मोजणारी बाई झाडवाल्यात होती.

“मतदार किती हायती?” आबांनी विचारलं.

“मतदार न्हाईत आबा. समिती असती. ती अर्ज वाचती आन् ठरवती.”

“म्हंजे संचालक मंडळ. त्यात आपल्याकडचं कोण हाय?”

“कुणी न्हाई.”

“आन् दुसऱ्यांकडचं?”

“त्यांचंबी कुणी न्हाई.”

“लई चांगलं मंडळ हाय,” आबा म्हणाले, पण त्यांचा विश्वास बसला नव्हता हे दिसत होतं. “बरं, आपल्या जिल्ह्यातून कोण-कोण उभं हाय?”

इथं मुक्ताची चूक झाली. तिनं खरं सांगितलं. इंग्रजीच्या परीक्षेला ती पुण्याला गेली होती, तेव्हा बाहेर एक मुलगा भेटला होता. गेवराईचा. कल्याण. तोही तिथंच अर्ज भरणार होता.

“गेवराईत कुणाचा?”

“पेंडवाले मन्मथप्पा हायती, त्यांचा.”

आबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. चेहऱ्यावर शांती आली. अमेरिका एकदाची त्यांच्या हद्दीत आली होती. मन्मथप्पांच्या दुकानातून दूध संस्थेला वर्षानुवर्षं सरकी पेंड येत होती, आणि बाजार समितीच्या दोन निवडणुका त्या दोघांनी मिळून बिनविरोध केल्या होत्या.

“आबा, तिकडं जिल्ह्याला जागा नसती,” मुक्ता म्हणाली. “सगळ्या जगातून निवडत्यात.”

“कागदावर नसती,” आबा मायेनं म्हणाले. “कागदावर कुठंच नसती, बाई.”

भाऊबीज झाल्यावर आबा पेंड बघायला म्हणून गेवराईला निघाले आणि मुक्तालाही गाडीवर घेतलं. हायवेच्या कडेला दुकान होतं, मागं घर. मन्मथप्पांच्या कपाळावर विभूतीचे ठळक पट्टे, गादीवर पाय दुमडून बसलेले.

“शरणार्थ, अप्पा.”

“या, सचिव, या. पोरीला आत पाठवा, नीलाबाई वाट बघतीया.”

कल्याणच्या आई नीलाबाईंनी मुक्तापुढं शंकरपाळ्यांची ताटली ठेवली आणि कल्याणला हाक मारली. पुण्याला मावशीकडं शिकून कल्याणचं मराठी धुऊन निघालं होतं, पण पोरगा साधा होता. दोघांनी आपापल्या विद्यापीठांची नावं सांगितली. पहिलं नाव दोघांचं एकच निघालं.

“तुला तिथं कशाला?” मुक्तानं विचारलं.

“मामा तिथून तासाभरावर राहतो. आई म्हणते, डबा तरी मिळेल.” कल्याण हसला. “माझी शक्यता मी काढली. शंभरात दीड.”

“माझी एक.”

“तुझी जास्त धर. दुष्काळी भाग, त्यात मुलगी.”

“दुष्काळ तुलाबी हाय की.”

“आम्हाला कसला? दुष्काळात पेंड जास्त खपते,” कल्याण म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते कळून त्यानं शंकरपाळ्यांची ताटली तिच्याकडं सरकवली. मुक्ताला हसू आलं. महिनाभर ज्या आकड्यांशी ती एकटी झगडत होती ते आकडे कळणारं हे पहिलंच माणूस होतं, आणि तिला फार बरं वाटलं.

तेवढ्यात बाहेरून हाक आली. दोघं दुकानात गेली, तर दोन्ही बाप एकमेकांच्या तळहातावर साखर ठेवत होते.

“झालं,” मन्मथप्पा म्हणाले. “झाड कल्याणला. ढाल, वाघ आन् बर्फातलं, तिन्ही मुक्ताला. एकमेकांच्या जागंवर कुणी अर्ज टाकायचा न्हाई. उगं आपल्यात मतं फुटायला नकोत.”

“अप्पा, असं नसतं तिकडं,” कल्याण म्हणाला.

“तू गप, बे. मोठी माणसं बोलायलीत.”

आबांनी मुक्ताकडं पाहिलं. एक जागा सोडून तीन पदरात पाडून घेतल्या होत्या. सहकारात असा सौदा करणाऱ्याला लोक पुढं कित्येक वर्षं नमस्कार करतात. मुक्तानं हातातली शंकरपाळी तोंडात टाकली. मन्मथप्पा कौतुकानं म्हणाले, पोरगी लई समजूतदार हाय.

ती बोलली ती गावात परतल्यावर, दूध संस्थेच्या ओट्यावर.

“आबा, मला तेच पाहिजे व्हतं. झाडवालं.”

आबा फॅटच्या बाटल्या धूत होते. त्यांचा हात थांबला. “मंग आधी सांगितलं कावून न्हाईस?”

“तुमी इचारलंत का?”

आबांनी बाटली पालथी घातली, पुन्हा सुलटी केली. “तीन भेटल्या की,” ते म्हणाले. आवाजात बळ नव्हतं.

“आन् कल्याण सगळीकडंच भरणार हाय. त्यानंच सांगितलं, तूबी भर म्हणून. तिकडं कुणाला काय कळतंय?”

“भरंना. तो त्याच्या बापाचा शब्द हाय, त्याचा त्यानं बघावं. मी दिलाय तो माझा हाय.” मग पुढची बाटली धुवायला घेत, तिच्याकडं न बघता, “चुकलं आसल माझं. पण आता दिलाय.”

आबांचं तोंड इतकं लहान झालेलं मुक्तानं कधी पाहिलं नव्हतं. त्यामुळं तिला आणखीच राग आला. ज्या माणसावर धड चिडताही येत नाही त्याचं करायचं काय? ती घरी गेली आणि भाकरी न खाता झोपली. छबुबाईनं दोघांनाही काही विचारलं नाही, फक्त आबांच्या ताटात त्या दिवशी भाजी कमी पडली.

अर्जाची मुदत इंग्रजी वर्षाच्या पहिल्या तारखेला संपत होती. ढाल, वाघ आणि बर्फ यांचे अर्ज मुक्तानं शाळेतूनच पाठवून दिले. झाडवाल्याचाही पूर्ण लिहून तयार ठेवला. निबंध तिनं माशांवर लिहिला होता, म्हणजे खरं तर माशांवर नाही. गावच्या तलावात मासे सोडा, चिखलही उरला नव्हता, आणि जे उरलं नाही ते किती होतं हे कसं मोजायचं, असं काहीतरी होतं. उत्तरेश्वर सरांनी तो वाचला, चष्मा पुसला आणि एकही शब्द बदलू दिला नाही. आता फक्त एक बटण दाबायचं राहिलं होतं. नाताळच्या सुट्टीत ती घरी आली ती आईचा फोन घेऊन दाबायचंच असं ठरवून. शब्द आबांनी दिला होता, तिनं नव्हता दिला. हे वाक्य तिनं एसटीत बसून इतक्या वेळा घोकलं की ते तिला पाठ झालं.

मुदतीच्या दिवशी सकाळी गावात टँकर आला. टँकर आला की गावात रोज एक डोकं फुटायचं, म्हणून महिनाभरापासून नंबर लावायचं काम लोकांनी आबांकडं दिलं होतं. टँकर विहिरीत रिकामा झाला आणि विहिरीवर नुसती घागरींची रेटारेटी. रांग अर्धी असतानाच पाणी आटलं. भिवराबाई नावाची म्हातारी मधल्या रांगेत होती, घरात दोन नातवंडं, पोरगा-सून उसाला गेलेले. आबा तिच्यापाशी गेले आणि म्हणाले, “भिवराबाई, आज न्हाई जमत. उद्या पयला नंबर तुझा.”

म्हातारीनं रिकाम्या घागरी उचलल्या. तिनं आकाशाला शिव्या दिल्या, सरकारला दिल्या, टँकरवाल्याच्या आईबापाचा उद्धार केला, पण आबांना ती एक शब्द बोलली नाही. उद्या मिळंल ना, असंसुद्धा विचारलं नाही. घराकडं चालायला लागली. तिच्या मागं तसेच आणखी पाच-सहा जण निघाले.

मुक्ता शाळेच्या पत्र्यावर चढली होती, कारण रेंज तिथंच यायची. तिथून तिला हे सगळं दिसलं. फोन हातात होता, अर्ज उघडलेला होता. हे बटण दाबलं तर कुणाला कळणार नव्हतं. मन्मथप्पांना नाही, आबांना नाही, टँकरच्या रांगेला तर नाहीच. पण तिला कळणार होतं, की ज्याच्या एका शब्दावर म्हातारी तहानेली घरी जाते त्या शब्दाची किंमत त्याच्या स्वतःच्या पोरीनं शंभरात एक धरली. तिनं हिशेब करायचा प्रयत्न केला. आयुष्यात पहिल्यांदा तिला तो जमला नाही. ती पत्र्यावर बसून हुंदके देऊन रडली, आणि मुदत संपेपर्यंत तिनं फोनला हात लावला नाही.

मार्चअखेर निकाल आले तेव्हा मुक्ता छावणीत होती. गावाबाहेर जनावरांची छावणी उघडली होती आणि दोन गाई, एक कालवड घेऊन मिसाळांचं कुटुंब तिथंच पाल ठोकून राहिलं होतं. आबा संस्थेचं बघून येत-जात करत. ढालवाल्यांनी खेद कळवला. वाघवाल्यांनी खेद कळवला आणि वर हेही कळवलं की यंदा फार गुणी अर्ज आले होते. बर्फातल्यांनी प्रतीक्षा यादीत टाकलं. आबांनी त्याचा अर्थ स्वीकृत संचालक, म्हणजे मागाहून आत घेतात तो, असा घेतला आणि छावणीत दोघा-चौघांना चहा पाजला. मे महिन्यात बर्फातल्यांनीही खेद कळवला.

कल्याणला झाडवाल्यांनी घेतलं. बाकी सगळ्यांनी नाकारलं, त्या एकांनी घेतलं.

आता पुढं जे झालं ते बीड जिल्ह्याबाहेर कुठं झालं असतं असं वाटत नाही. गेवराईपासून शिरूरपर्यंत सगळ्यांना या निकालाचं कारण एका दिवसात कळलं. सचिवांची पोरगी बसली, म्हणून कल्याण बिनविरोध आला. सचिवांनी अमेरिकासुद्धा बिनविरोध करून दाखवली. आबांकडं लोक आपापल्या पोरांचे मार्क घेऊन यायला लागले. मन्मथप्पांनी फोनवर आबांचे आभार मानता मानता रडून घेतलं. आणि लोकसभेचं मतदान उरकल्यावर त्यांनी गेवराईत जाहीर कार्यक्रम ठेवला. बिनविरोध निवडणुकीत आधी सत्कार होतो तो माघार घेणाऱ्याचा, मग निवडून आलेल्याचा. ही रीत आहे आणि मन्मथप्पा रीत सोडणारे नव्हते.

मे महिन्यातल्या दुपारी, पत्र्याच्या मंगल कार्यालयात, कुमारी मुक्ता गहिनीनाथ मिसाळ हिच्या खांद्यावर शाल पांघरण्यात आली. हातात नारळ देण्यात आला. बाजार समितीचे एक माजी सभापती बोलले, की आजच्या काळात एक ग्रामपंचायत कुणी सोडत नाही, या लेकीनं अमेरिका सोडली. टाळ्या पडल्या. कल्याण तिच्याकडं बघून मान खाली घालत होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मग सूत्रसंचालकानं मुक्ताला दोन शब्द बोलायला सांगितलं.

मुक्ता उठली. शालीखाली घामाच्या धारा लागल्या होत्या आणि पोटात सहा महिन्यांचा राग होता. तिनं ठरवलं, की आज जे आहे ते सांगून टाकायचं.

“कल्याणला जागा मिळाली ती त्याच्या गुणांवर,” ती माईकमध्ये म्हणाली. “माझ्या माघारीचा त्याच्याशी काही संबंध नाही. तिकडे जिल्ह्याला जागा नसते. मी अर्ज भरला असता तरी कल्याणला मिळालीच असती. मी बसल्यामुळे कुणाचाही काही फायदा झालेला नाही. मला हा सत्कार घेण्याचा अधिकार नाही.”

मग मागच्या रांगेतून कुणीतरी “वा!” म्हणालं, आणि इतक्या टाळ्या पडल्या की तेवढ्या माजी सभापतींच्या भाषणालाही पडल्या नव्हत्या. एवढा त्याग करून वर श्रेयसुद्धा घेत नाही, म्हणून नीलाबाईंनी डोळ्याला पदर लावला. दोन म्हाताऱ्या मुक्ताच्या पाया पडायला पुढं आल्या. मुक्तानं आबांकडं पाहिलं. सगळ्या सभागृहात फक्त ते टाळ्या वाजवत नव्हते.

परत येताना आबांनी गाडी हायवे सोडून गावच्या फाट्याला घेतली आणि एका निंबाखाली थांबवली. इंजिन तापलंय म्हणाले. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली रानं, पेरायला काही नाही. मुक्ता नारळ मांडीवर घेऊन दगडावर बसली. औरंगाबादला संख्याशास्त्राला अर्ज करायचं तिचं ठरलं होतं, त्याबद्दल ती दोन वाक्यं बोलली. आबांनी ती ऐकली नाहीत.

“मुक्ता, एक इचारू का?”

“इचारा की.”

“तू स्टेजवर बोललीस. ते खरं हाय, का मोठेपणा केलास?”

याच प्रश्नाची ती दिवाळीपासून वाट बघत होती. खरं हाय, असं म्हणायला तिनं तोंड उघडलंही. पण आबांचं बोलणं संपलं नव्हतं.

“न्हाई, आमचा एक हिशेब हाय. एक बसला तर दुसऱ्याला भेटतं. आपल्या हातचं गेलं, तरी कुणाच्या तरी घरात गेलं, एवढं समाधान ऱ्हातं. पोराला भेटलं, म्हणून मी सोसलं आजवर.” त्यांनी उपरण्यानं गाडीची टाकी पुसली. पुसण्यासारखं तिच्यावर काही नव्हतं. “पण तू म्हणलीस तसं खरं आसल, तर मंग तुझं कुणालाच गेलं न्हाई. मी ते नुसतंच घालवलं.”

मुक्तानं बापाकडं पाहिलं. तिच्या पोटातला राग एकदम निघून गेला, आणि त्या जागी या माणसाबद्दल माया दाटून आली. आकडा तिला माहीत होता. तो तिनं कधी कुणापासून लपवला नव्हता.

“मोठेपणा केला, आबा,” ती म्हणाली. “मी उभी ऱ्हायले असते तर त्याला भेटलं नसतं.”

आबांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं.

“मला वाटलंच,” ते म्हणाले, आणि त्यांनी गाडीला किक मारली.